खुर्सापुढचे गाऱ्हाणे

परवा खुर्साला चुना दिला. आमच्या वाडीच्या तिठ्यावर चिऱ्याचा एक क्रूस आहे, त्याला गावात सगळेच खुरीस म्हणतात. तो सहा फूट उंच आहे असे माझे आजोबा सांगत. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच सुट्टीत टेप लावून पाहिला, तर पाच फूट नऊ इंच भरला. तेव्हापासून घरचे लोक मला आकडा सांगताना जरा जपून सांगतात.

चुना देऊन परत येताना आगोटीचा वास आला. पावसाळ्याच्या बेगमीचे जे दिवस त्यांना आमच्याकडे आगोट म्हणतात. एका अंगणात कोकमाची सोले वाळत होती, दुसऱ्यात आंब्याची साठे, आणि पलीकडे कोणी सुक्या बांगड्यांची चटई उन्हात ओढत होते. आंबट, गोड आणि खारट असे हे वास एकमेकांत मिसळत नाहीत. पाच पावलांवर एक संपतो आणि दुसरा सुरू होतो. मी थांबलो. दहा वर्षांपूर्वीची आगोट आठवली, आणि तिच्याबरोबर जुनी शंकाही आली, की ती आठवण मी खरी जपली आहे की सोयीची?

मी मोजणीदार. साखळी घेऊन आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत लोकांच्या हद्दी मोजत हिंडलो. ज्याच्या जमिनीत पाय ठेवावा तो आपल्याकडे संशयाने बघतो, आणि चार वर्षांत आपणही त्याच्याकडे तसेच बघू लागतो. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर हे नुसते पाणी आहे की बांध हातभर सरकवायची विनंती आहे, हे आधी ओळखावे लागते. ही नजर घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाही.

वाडीत तेव्हा एकेचाळीस घरे होती. त्यांतली तीन आमची, किरिस्तांवांची. भांडण कधीच नव्हते. शेजारच्या दाजीच्या घरून गणपतीत नारळ-गूळ येई, नाताळात आमच्या नेवऱ्या त्याच्या पडवीपर्यंत जात. पडवीतून आत गेल्या की नाही ते मी कधी विचारले नाही. देवाचा विषय मात्र गडग्याच्या, म्हणजे मधल्या दगडी कुंपणाच्या, अलीकडे आमचा आणि पलीकडे त्यांचा. माझे वडील म्हणत, "शेजाऱ्याक नारळ दी, पण आपलो देव सांगा नको. नारळ परत येता, सांगलेला परत येणा नाय." त्यांचे हे वाक्य मी हद्दीच्या दगडासारखे मानले. चाळिशी उलटेपर्यंत घराबाहेरच्या एकाही माणसाला मी कशावर विश्वास ठेवतो ते शब्दांत सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते, ही त्यातली सोय.

मग दाजीने विचारले.

दाजी माझ्याच वयाचा. भातशेती, पंधरा-वीस माड, आणि गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान त्याच्या घराकडे. आमच्या भागात देवाला एकट्याने हळूच काही मागत नाहीत. एक जण सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाशी बोलतो, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणून तिला आपला आवाज देतात. दाजी गाऱ्हाणे घालू लागला की देवळाबाहेरच्या रस्त्यावर मला ते स्पष्ट ऐकू येई. लहानपणापासून ऐकून ते मला पाठ होते, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

त्याला शेवंती नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. मी चालताना पावले मोजतो हे तिने ओळखले होते. आमच्या विहिरीवर पाण्याला आली की हाक मारायची, "मोजणीदारकाकानु, आज तिठो खंय सरकलो? काल दोनशे बारा होतो, आज किती?" मी खरोखरच आकडा सांगायचो आणि ती कळशी धरून हसत सुटायची. त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर ती मुदतीच्या तापाने गेली. एकविसाव्या दिवशी ताप उतरेल असे सगळे म्हणत होते. मीही दिवस मोजत होतो. ती एकोणिसाव्या दिवशी गेली.

ते आमचे उपवासाचे चाळीस दिवस होते. काजूच्या बोंडूंचा उग्र गोड वास सगळीकडे भरला होता, आणि दाजी आमच्या मधल्या गडग्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "जुजे, तुमच्यात मेलेला माणूस खंय जाता रे?"

मला उत्तर ठाऊक होते. दर रविवारी ते मी म्हणत होतो. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते लिहायला आजही लाज वाटते. मनात आले, ह्याला कोणी पाठवले आहे का?

असे मनात यायला कारणे होती. गोव्यात अजून पोर्तुगीजांचा अंमल होता आणि सीमा बंद झाली होती. आमची निम्मी सोयरीक तिकडची. मुंबईहून आलेला वसंत, जो एरवी मला "काका, काका" करायचा, तो चहाच्या दुकानात बसून पेपर मोठ्याने वाचायचा आणि मी आत शिरलो की पान उलटायचा. "किरिस्तांवांचो एक पाय हंय, एक पाय थंय," असे तो म्हणाल्याचे मला दोघांनी सांगितले. दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितले म्हणून मी ते निम्मेच खरे धरले. न्हाव्याकडे कोणी म्हणाले होते की हे लोक दुःखातल्या घरात शिरतात आणि तिथून माणूस बाटवतात. आणि आता दुःखातलेच घर माझ्या गडग्यावर येऊन बसले होते. मी तोंड उघडले असते तर ते वाक्य खरे ठरले असते.

"पाद्रीबाबांक विचारून सांगतंय," मी म्हणालो, आणि गुरांना पाणी दाखवायचे आहे म्हणून उठून गेलो. आमच्याकडे त्या वर्षी एकही जनावर नव्हते. दाजीला ते ठाऊक होते.

हे मी माझी बायको आनमारी हिला सांगितले. ती नारळाचा रस गाळत होती. म्हणाली, "पाद्रीबाबांक विचारतलास? चाळीस वर्षां इगर्जीत जावन तुमका इतक्याय येणा नाय?"

"तसा न्हय गो. उद्या लोक काय म्हणतीत?"

"लोकांका मोजणीदार होयो आसा तेवा ते कचेरीत येतत. दाजी शेजाऱ्याकडे इल्लो." आणि रसाचे फडके इतके जोरात पिळले की मी अंगणात निघून गेलो.

चाळीस दिवस संपले, ईस्टर झाला. मरण हरले असे आम्ही चर्चमध्ये लॅटिनमध्ये गायले. दाराबाहेर पडल्यावर दाजी समोरून चिव्याच्या बांबूंची मोळी घेऊन येताना दिसला आणि मी चप्पल काढून खडा झटकू लागलो. तो निघून जाईपर्यंत झटकत राहिलो.

आता पाद्रीबाबा सांगतात की प्रार्थना आपल्या भाषेत होणार. मुले तर आत्ताच मराठीत गाणी बसवू लागली आहेत. चांगलेच आहे. पण फार सोपे झाले की माझ्या मनात शंका येते. लॅटिन आम्हाला कळत नव्हते हे खरे; मात्र न कळण्यात एक आडोसा होता. जे आपल्याला कळत नाही ते दुसऱ्याला सांगायची जबाबदारी कोणी आपल्यावर टाकत नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी त्या आडोशाला उभे राहून आयुष्य काढले असेल. भित्रेपणाला आम्ही परंपरा म्हणत होतो, असे मी चर्चमध्ये बोललो तर माझाच चुलतभाऊ कायतान मला बाहेर काढील, म्हणून इथे लिहितो.

त्या वर्षीच्या मे महिन्याकडे येतो. पाऊस पडण्याआधी खुर्सापुढे एका संध्याकाळी लादाईन म्हणायची आमची रीत आहे. मेणबत्त्या लावायच्या, एकाने संतांची नावे लॅटिनमध्ये गात जायची, बाकीच्यांनी प्रत्येक नावाला 'आमच्यासाठी प्रार्थना कर' असा लॅटिनमध्येच जबाब द्यायचा, आणि शेवटी नारळाचे काप घातलेले उकडलेले चणे वाटायचे. चण्यांसाठी म्हणा, गजालींसाठी, म्हणजे गप्पांसाठी म्हणा, सगळी वाडी गडग्यावर येऊन बसते. गाणारा म्हातारा दर वर्षी गोव्याहून यायचा. सीमा बंद, तेव्हा तो येणार नव्हता. आमच्या तीन घरांत थोडेफार लॅटिन वाचता येणारा मी एकटा. काम माझ्याकडे आले.

आदल्या दिवशी दाजी पेंढा रचताना मला म्हणाला, "उद्या तू म्हणतलस मां? एक सांग. तुमी काय बोलतास तां देवाक तरी समाजता काय रे? की तेच्याकडेय कोण दुभाषी आसा?" तो हसला. शिमग्यानंतर पहिल्यांदाच हसला होता. मी मात्र तो टोमणा आहे की प्रश्न, याचा हिशेब रात्री जेवण होईपर्यंत करत बसलो, आणि शेवटी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. लादाईन झाल्यावर आपल्या बोलीत त्या म्हणायच्या, एवढेच ठरवले. शब्द मोजले, त्रेपन्न भरले. आनमारीला दाखवले नाही.

संध्याकाळी ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर होते. मला सोडून आमचे अकरा जण. गडग्यावर चौतीस. एक अनोळखी माणूस मात्र सगळ्यांच्या मागे उभा होता. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात छोटी वही. तो काहीतरी टिपत होता. कायतानने माझ्या कानात म्हटले, "सरकारी दिसता." संतांची नावे मी अशा वेगाने म्हटली की दोन संत माझ्याकडून सुटले असावेत. मागच्या अकरा जणांचा जबाब निम्म्या वेळा मला गाठू शकला नाही.

लादाईन संपली. चण्यांचे पातेले उघडले गेले. आता गप्प बसलो तर कोणाला काही कळणार नव्हते. मी लोकांकडे वळून खिशातला कागद काढला, आणि बघतो तर चष्मा घरी. लॅटिन पाठ होते, त्याला चष्मा लागला नव्हता. त्रेपन्न शब्दांतला एकही आठवेना. समोर पंचेचाळीस माणसे, त्यांच्या मागे वहीवाला, आणि दाजी गडग्याच्या टोकाला गुडघे धरून बसलेला.

आपल्या बोलीत मोठ्याने देवाशी कसे बोलायचे, याची एकच रीत माझ्या कानात होती. तोंडातून तीच आली.

"बा सायबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गडगा गरजला. चौतीसच्या चौतीस. कोणी ठरवून म्हटले नाही; पायावर पाणी पडले की पाय मागे घ्यावा तसा तो आवाज आला. आमचे अकरा जण माझ्याकडे बघत राहिले. कायतानच्या हातातली चण्यांची पळी तशीच वर राहिली. मी थांबू शकलो असतो. पण ज्याने गाऱ्हाणे ऐकले आहे त्याला ठाऊक आहे, जबाब मिळाला की पुढचे आपोआप येते.

"आज ह्या वाडयेतली पोरांटोरां, म्हातारी माणसां तुझ्या खुर्साकडे जमली आसत, तेंका सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण दर्यात आसत तेंका पावसाआदी बंदराक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर सगळे कोणालाही चालले असते. कोणाही देवापुढे चालले असते. इथे संपवले असते तर मी वाडीत आणखी लाडका झालो असतो. हे मला तेव्हा, तिथे, अगदी स्पष्ट कळत होते, आणि म्हणूनच पुढची ओळ म्हणायला जेवढी छाती लागली तेवढी पहिल्या ओळीला लागली नव्हती.

"तू आमच्यासाठी मरणात उतारलस, आणि तिसऱ्या दिसा जितो उठलस. ह्या आमी मानतंव, म्हाराजा!"

आवाज पडला. आमच्यातले तीन पुटपुटले. गडग्यावरून एकच आवाज आला, जाडसर, सवयीचा. तो दाजीचा होता. बाकी सगळे एकमेकांकडे बघत होते. मग कोणीतरी "चणे निवतत रे!" म्हणून ओरडले आणि माणसे सुटली.

पुढचे चार दिवस मी कमी बाहेर पडलो. कायतान म्हणाला, "आता एक नारळ फोड आणि कोंबो काप, म्हणजे झाला." पाद्रीबाबांनी बोलावून घेतले. सगळे ऐकून म्हणाले, "तुम्ही दोन संत गाळलेत असे कळले." गाऱ्हाण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. ही माफी होती की नोंद, ते मला अजून ठरवता आलेले नाही. चहाच्या दुकानात वसंत म्हणत होता, "बघा, आख्खे वाडयेकडना व्हय म्हणान घेतल्यान! ह्येका म्हणतत डोक्यालिटी!" त्यावर त्याची आजी म्हणाली, "शिरा पडली तुझ्या पेपराक. दर्यातल्या माणसांका सांभाळ म्हटल्यार काय नाय म्हणतले? तुझो बापूस तेवा दर्यात होतो." वहीवाला माणूस तर आंब्याच्या व्यापाऱ्याचा निघाला. दाजीच्या मागच्या हापूसवर फळ किती आहे ते तो झाडाखाली उभा राहून मोजत होता. माझ्या सगळ्या भीतीत त्याने वर पाहिले होते, माझ्याकडे एकदाही नाही. एका मोजणाऱ्याने दुसऱ्याला ओळखायला हवे होते.

पण खरा काच वेगळाच होता. मी जे बोललो ते देवासाठी बोललो, की आम्ही परके नाही हे वाडीला पटवण्यासाठी? पहिल्या तीन ओळींबद्दल मला आजही खात्री नाही. चौथीबद्दल थोडी आहे, कारण ती म्हणून माझा काहीच फायदा झाला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी पावसाचा मारा अडवण्यासाठी पडवीच्या भिंतीला झापे बांधत होतो. माडाच्या विणलेल्या झावळ्या त्या. एकट्याने बांधल्या की एक टोक सुटतेच. दाजी गडगा ओलांडून आला, त्याने दुसरे टोक धरले. चार झापे झाले. मग म्हणाला, "गाऱ्हाणा बरा घातलस. पण घाय केलस. जबाब पुरो होवक देवचो लागता."

"पयलीच खेप," मी म्हणालो.

"ती शेवटची गजाल. माझ्या तोंडातना व्हय गेला तां सवयीन गेला. आता सवय सोडून विचारतंय. मेल्लो माणूस उठता, ह्या तू मानतस?"

"मानतंय."

"मोजलस?"

"नाय. ह्या मोजूक येणा नाय. माझ्या बापाशीन सांगल्यान, तेका तेच्या बापाशीन. पण मी नुसता ऐकलेला सांगणंय नाय, दाजी. माझी आवस गेली तेवा मी ह्याच्यारच उबो रवलंय."

तो सुंभ वळत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "आणि माझा चेडू, शेवंती? तां काय तुमच्यातला न्हय."

यावर काय म्हणायचे ते कोणी मला शिकवले नव्हते; जे शिकवले होते ते दाजीच्या तोंडावर बोलण्यासारखे नव्हते. त्याला बरे वाटावे म्हणून काही वाढवून सांगणेही माझ्याने झाले नसते. उद्या त्याला ते पोकळ वाटले असते तर मी त्याच्या दुःखात खोटी हद्द रोवल्यासारखे झाले असते.

"तां माका म्हायत नाय," मी म्हणालो. "खरा सांगतंय, म्हायत नाय. पण जो मरणात उतारलो तो थंय कोणाची घरां विचारीत बसात, असा माका वाटणा नाय. मी रोज तिचा नाव घेतंय. शिमग्यापासना घेतंय."

"तिचा? तुमच्या देवाकडे?"

"व्हय."

दाजी झापावर हात ठेवून उभा राहिला. तो आजही देवळात गाऱ्हाणे घालतो, आवाज जरा खाली आला आहे एवढेच. मी त्याला आमच्याकडे ये असे कधी म्हटले नाही आणि त्याने तसा विषय काढला नाही. त्या सकाळी मात्र त्याने माझ्याकडे नीट बघितले आणि विचारले, "मगे ह्या माका तेवाच कित्याक सांगूक नाय? दोन म्हयने मी वाट बघी होतंय."

"भियालंय."

"कोणाक? वसंताक? सरकाराक?"

"तुका," मी म्हणालो.

"माका!" दाजी म्हणाला, आणि हसायला म्हणून त्याने तोंड उघडले, पण बाहेर आले ते रडणे. शेवंतीच्या बाराव्यालाही तो रडलेला मी पाहिला नव्हता. तो पडवीच्या पायरीवर बसला. आनमारी दारात आली आणि पुन्हा आत गेली. मी सुंभ खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसलो. उठून गेलो नाही.